अभ्यासाचा बंदोबस्त

सातारा जिल्ह्याच्या पूर्वेस, जेथे सह्याद्री ओलांडून आलेले मेघ बहुधा रिते होऊनच पोहोचतात, त्या माण तालुक्यातील एका माध्यमिक विद्यालयात दिवाळीची सुट्टी सरली की दहावीच्या मुलांची रात्रीची अभ्यासिका सुरू होते. ज्या घरांतील कर्ती माणसे दसऱ्यानंतर ऊसतोडीसाठी अथवा मेंढरे घेऊन बाहेर पडतात आणि मागे राहिलेल्या आजीच्या पदरी एक खोली, एक दिवा व दोन-तीन नातवंडे उरतात, त्या घरांत ‘अभ्यास कर’ असा उपदेश कितीही कळकळीने केला, तरी तो करावयाचा कोठे आणि केव्हा, हा प्रश्न शिल्लकच राहतो. या प्रश्नाचे उत्तर म्हणून मुले संध्याकाळी घरून जेवून, काखेत वळकटी मारून शाळेत येतात, दहापर्यंत अभ्यास करतात आणि तेथेच निजतात. या हंगामात अनेक रात्री मी त्या वर्गाच्या मागच्या बाकावर बसून होतो. तेथे जे चालते ते बाहेरून पाहणाऱ्यास सक्तीची हजेरी वाटेल. जवळून पाहता ते फार सूक्ष्म आणि सबुरीचे काम आहे.

साडेसातला रुळाच्या तुकड्यावर ठोका पडतो. प्रत्येकाची जागा पहिल्याच आठवड्यात ठरलेली असते आणि ती बदलत नाही. मोबाइल अभ्यासिका चालविणाऱ्या सरांच्या कपाटात जातात. याबद्दल आठवण देण्यापुरतेही भाषण होत नाही, कारण तो आता हुकूम राहिलेला नसून शिरस्ता झालेला आहे. त्यानंतरची पाच मिनिटे मला सर्वांत मोलाची वाटली. त्या वेळात प्रत्येकाने आजचे काम एका वहीत लिहावयाचे असते. या वहीला मुले ‘रोजकीर्द’ म्हणतात, आणि तिच्यात ‘भूमिती करणे’ अशी नोंद कोणी केली तर सर ती वही मुकाट्याने परत करतात. ‘पायथागोरसचे प्रमेय पुस्तक मिटून आकृतीसह सिद्ध करणे, मग सरावसंचातील चार उदाहरणे’ असे लिहिले, तरच ती स्वीकारली जाते. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाची संध्याकाळ आळसापेक्षा अनिश्चयातच अधिक वाया जाते, हे त्या वह्या चाळताना माझ्या ध्यानी आले. बीजगणित घ्यावे की इतिहास, कोठून आरंभ करावा, अगोदर पेन्सिलीला टोक करावे काय, अशा विचारात अर्धा तास सहज सरतो, आणि त्या अर्ध्या तासाचा दोष मात्र मुलाच्या स्वभावावर ठेवला जातो.

आरंभी बहुतेक मुले पुस्तक उघडून तेच पान मोठ्याने पुनःपुन्हा वाचीत. एकाने तर विज्ञानाच्या पुस्तकातील गुरुत्वाकर्षणाचा सबंध पाठ पिवळ्या रंगाने रंगवून काढला होता आणि तो पाठ झाला अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. सरांनी त्याच्या हाती पाटी दिली, पुस्तक मिटावयास लावले आणि केप्लरचे तीन नियम लिहावयास सांगितले. दुसऱ्या नियमाशीच तो अडला. “आता पुस्तक उघड, आणि चुकलंय तेवढंच तांबड्या पेन्सिलीनं दुरुस्त कर,” एवढेच सर म्हणाले. तीन दिवसांनी पुन्हा तेच लिहवून घेतले आणि आठवड्याने आणखी एकदा. अर्थशून्य अक्षरसमूह स्वतः पाठ करून विस्मरणाचा वेग मोजणारा जर्मन संशोधक हर्मान एबिंगहाउस याने 1885 सालीच दाखवून दिले होते की, शिकलेल्यापैकी पुष्कळसा भाग पहिल्या काही तासांतच निसटतो. आणि अलीकडच्या प्रयोगांतून हेही सिद्ध झाले आहे की, पुनःपुन्हा वाचण्यापेक्षा न पाहता आठवून काढण्याने ज्ञान अधिक काळ टिकते. आपल्याकडील जुने पंतोजी पावकी, निमकी आणि औटकी हे अपूर्णांकांचे पाढे रोज संध्याकाळी म्हणवून घेत. त्या पद्धतीत मारझोड होती, ती गेली हे योग्यच झाले. परंतु पुस्तकाचा आधार काढून घेऊन रोज आठवावयास लावण्याचा जो तिचा गाभा होता, तोही तिच्याबरोबर टाकून दिला गेला, याची मला खंत वाटते.

मार्गशीर्षाच्या आरंभी म्हसवडला सिद्धनाथाचा रथ निघतो. त्या दिवसांत हजेरीपटावर मोकळ्या जागा दिसू लागतात, आणि मौज अशी की, जी मुले यात्रेला गेली त्यांतील काही नंतरही येत नाहीत. आपला नेम मोडला, आता काय उपयोग, अशी एक विलक्षण निराशा त्यांच्या मनात घर करते. सर अशा मुलाच्या घरी जातात, परंतु जाब विचारीत नाहीत. “आज फक्त अर्धा तास ये, बाळ, एकच उदाहरण सोडव आणि घरी जा,” असे सांगतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 96 व्यक्तींच्या सवयींचा अभ्यास केला, तेव्हा एखादे कृत्य अंगवळणी पडण्यास काहींना 18 तर काहींना 254 दिवस लागतील, असा अंदाज निघाला. मध्यम प्रमाण 66 दिवसांचे होते, आणि एखादा दिवस चुकल्याने त्या घडणीला विशेष बाधा येत नव्हती. एकवीस दिवसांत सवय लागते असे सर्रास सांगणारे, बाविसाव्या दिवशीही धडपडणाऱ्या मुलावर केवढा अन्याय करतात! दिवाळीपासून वार्षिक परीक्षेपर्यंतची मुदत सरांनी निवडली ती अनुभवाने. संशोधनाने तिला दुजोरा दिला आहे इतकेच.

रात्री दहाला दिवे मालवतात आणि याबाबतीत सर अत्यंत कठोर आहेत. दोन वाजेपर्यंत जागल्याची फुशारकी मुलांना प्रिय असते, आणि पालकही तिचे कौतुक करतात. वास्तविक या वयात आठ ते दहा तासांची झोप आवश्यक असते, आणि तारुण्याच्या उंबरठ्यावर देहाची निद्रेची वेळच मुळी पुढे सरकते. सबब पहाटे चारला उठवून बसविलेला मुलगा पुस्तकापुढे असतो, पुस्तकात नसतो. येथे मुले सहाला उठतात.

डिसेंबरात सर वर्गात बसत. जानेवारीत त्यांनी खुर्ची व्हरांड्यात नेली. फेब्रुवारीत ते ठोक्याच्या वेळी येऊन रोजकीर्दी पाहत आणि आपल्या कार्यालयात निघून जात. वर्गात कुजबुज वाढली तरी लगोलग धावत येत नसत, कारण ती कुजबुज आपली आपणच शमते की नाही, हेच त्यांना पाहावयाचे असे. माझ्या मते या सर्व खटाटोपाचे मर्म येथे आहे. ज्या व्यवस्थेत देखरेख वर्षभर सारख्याच मापाने चालते, तेथे शिस्त देखरेख करणाऱ्याची राहते, मुलाची होत नाही. याच जिल्ह्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 पासून साताऱ्यास जे वसतिगृह चालविले, तेथील निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहून स्वयंपाकापासून शेतीपर्यंतची कामे स्वतः करीत. खर्चाची तोंडमिळवणी हा त्यात भाग होताच. परंतु आपल्या दिवसाचा कारभार आपण चालवू शकतो हा प्रत्यय मुलाला देण्याची ती रीत होती, आणि रोजकीर्दीची वही त्याच कुळातील आहे.

या अभ्यासिकेत मुली नाहीत, हे पहिल्याच रात्री माझ्या मनाला लागले. त्यांना रात्री शाळेत ठेवणे कोणाही पालकास मान्य नाही, आणि घरी त्यांच्या वाट्याला चूल, धाकटी भावंडे आणि पाण्याच्या खेपा येतात. भाऊ ‘अभ्यासाला’ म्हणून निघतो, त्याच वेळी बहीण भाकरी थापावयास बसते. पुढे परीक्षेत तिने अधिक गुण मिळविले तर तिच्या हुशारीचे कौतुक होते, तिच्याकडून हिरावलेल्या तासांचा हिशेब कोणी मांडत नाही. मुलींना अभ्यासासाठी वेळ मिळावा म्हणून सर आणि त्यांच्या सहकारी बाई मिळून घरोघरी जातात. “मग भाकरी कोण करणार, बाई?” असे एका आईने सरळ विचारले. तो प्रश्न उद्दामपणाचा नव्हता. दिवसभर दुसऱ्याच्या रानात खुरपून आलेल्या स्त्रीचा होता. बाईंनी बराच वेळ तिच्याशी बोलून इतके ठरविले की, सकाळच्या भाकरी मुलीने कराव्यात, संध्याकाळच्या आईने आणि मोठ्या मुलाने मिळून कराव्यात, आणि मुलीला साडेसात ते साडेनऊ कोणी हाक मारू नये. त्या घरात हा करार पाळला जात आहे. सर्वच घरांत तो पाळला जात नाही.

म्हणून शाळेने ग्रामपंचायतीकडे अर्ज केला आहे: वस्तीलगतचे समाजमंदिर संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ मुलींसाठी उघडे ठेवावे, तेथे दोन ट्यूब बसवाव्यात, बाई स्वतः हजर राहतील, आणि जूनपासून नववीच्या मुलींनाही त्यात घ्यावे, कारण दहावीच्या दिवाळीला आरंभ करणे हे उशिराचेच आहे. अर्जावर पस्तीस मातांच्या सह्या व अंगठे आहेत, आणि भाकरीचा प्रश्न विचारणाऱ्या त्या आईचा अंगठा त्यांत पहिला आहे.