खदान बंद झाल्यावर जमिनीचं काय होतं?

जून 2022 मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर 75 किलोमीटर लांबीचा डांबरी थर 105 तास 33 मिनिटांत टाकला गेला. गिनीज बुकात त्याची नोंद झाली. रस्ता सगळ्यांनी पाहिला. पण रस्त्याला लागणारी गिट्टी जिथून निघते, तिथे मागे काय उरतं?

विहीर खोदताना तुम्ही पाहिलं असेल : वर काळी माती, मग मुरूम, मग काळा दगड. हा दगड म्हणजे बेसाल्ट, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. खदानीसाठी आधी वरची माती आणि मुरूम काढतात, मग सुरुंग लावून दगड फोडतात. काम संपलं की उरतो उभ्या कडांचा खड्डा.

मग निसर्ग कामाला लागतो. अखंड बेसाल्टमधून पाणी सहजी मुरत नाही, म्हणून पावसाळ्यात खड्डा भरतो आणि डबकं टिकून राहतं. कडेच्या फटींत धूळ साचते. तिथे गवत, रुई, बाभूळ उगवते. लांबून पाहिलं तर तळंच वाटतं!

पण ते तळं नाही. गावतळ्याचा काठ उतरता असतो, पाय हळूहळू खोलात जातो. खदानीत पहिलंच पाऊल दोन पुरुष खोल पडू शकतं, आणि बाहेर यायला धरायला काही नसतं. पोहायला गेलेली मुलं बुडतात ती यामुळेच. पोहता येत असलं तरी खदानीत उतरायचं नाही.

यवतमाळ जिल्ह्यातल्या वणी तालुक्यात उकणी, निलजई इथे कोळशाच्या उघड्या खाणी आहेत. तिथे खड्ड्याइतकेच मातीचे डोंगरही मोठे. ढीग रचताना थर उलटे होतात : खालचा दगड वर, सुपीक माती खाली. अशा ढिगावर पीक कसं येणार? एक इंच माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात. म्हणून वरची माती पहिल्याच दिवशी वेगळी साठवायची, काम संपल्यावर ती पुन्हा वर पसरायची आणि झाडं लावायची. खाण बंद करण्याची खरी तयारी ती उघडतानाच करावी लागते.

स्वाध्याय : गावाजवळची बंद खदान मोठ्या माणसासोबत, काठापासून दूर उभं राहून पाहा. थर ओळखून चित्र काढा. कुंपण नसेल तर वर्गातर्फे ग्रामपंचायतीला अर्ज लिहा.