परवान्यावाचून आलेले पाहुणे

माटुंग्यास नाथालाल पारेख मार्गावर डॉन बॉस्को शाळेलगत जे भव्य ख्रिस्तमंदिर उभे आहे, आणि जेथे अन्यधर्मीय माणसेही मेणबत्ती लावावयास येतात, ते ज्यांच्या खटपटीने साकार झाले ते फादर मास्कियो १९२४ साली इटलीहून हिंदुस्थानात आले तेव्हा अवघे पंधरा वर्षांचे होते. ज्या वयात आपल्याकडची मुले परीक्षेच्या धास्तीने रात्री जागवितात, त्या वयात हा मुलगा बोटीवर चढला, आसामच्या डोंगराळ मुलखात शिकला आणि पुढे मुंबईचाच होऊन राहिला. धर्मप्रसारार्थ केलेली पहिली सफर आयुष्य घडविते, असे भाविक मंडळी अशी उदाहरणे पुढे करून उत्साहाने सांगतात. ती नेमकी काय घडविते हे पाहावयाचे तर शंभर वर्षे आणखी मागे जाऊन मुंबईच्याच दप्तरात डोकवावे लागते.

१८१२ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील सेलम गावी पाच तरुणांना दीक्षा देण्यात आली आणि दोन गलबतांतून त्यांची कलकत्त्याकडे रवानगी झाली. अमेरिकेतून परदेशी मिशनरी धाडण्याचा हा पहिलाच संघटित प्रयत्न असल्यामुळे सल्ला विचारावा असा वडीलधारा अनुभवी त्यांच्यापाशी कोणी नव्हता. कलकत्त्यास पोहोचताच कंपनी सरकारचा हुकूम हाती पडला, की परवान्यावाचून आलेल्यांनी चालते व्हावे! पाचांपैकी जडसन याने बाप्तिस्म्याच्या प्रश्नाचा प्रवासात इतका काथ्याकूट केला होता, की कलकत्त्यास त्याने पंथच बदलला आणि ब्रह्मदेश गाठला. राइस यानेही पंथ बदलला, पण तो मायदेशी परतून मिशनसाठी निधी जमवू लागला. न्यूएल याची पत्नी हॅरिएट मात्र एकोणिसाव्या वर्षीच मॉरिशस बेटावर मरण पावली. या सफरीने तिचे आयुष्य घडविले म्हणावयाचे की संपविले, याचे उत्तर त्या उत्साही मंडळींनीच द्यावे.

उरलेले दोघे, गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट, ११ फेब्रुवारी १८१३ रोजी मुंबईस उतरले. गव्हर्नर सर इव्हान नेपियन मनातून अनुकूल, परंतु वरचा हुकूम त्यांना विलायतेस पाठविण्याचा. तेव्हा अर्जांवर अर्ज झाले, दोघे गुपचूप कोचीनला निसटले, तेथून त्यांना परत आणण्यात आले, आणि कंपनीच्या नव्या सनदेने मिशनऱ्यांना दार उघडल्यावरच त्यांचा मुक्काम कायम झाला. माझ्या मते हॉलचे आयुष्य घडले ते या खोळंब्यात. आपल्याला जहाजावर केव्हा चढवितील याचा नेम नसताना तो मराठीची क्रियापदे घोकत बसला होता. परतीचे तिकीट खिशात ठेवून पंधरा दिवसांसाठी जाणाऱ्या आजच्या स्वयंसेवकाला पुष्कळ काही लाभत असेल, पण ही सक्तीची बैठक त्याच्या वाट्याला येत नाही.

नॉट प्रकृतीच्या कारणाने १८१५ साली परतला. हॉल राहिला, त्याने शाळा काढल्या, नव्या कराराच्या मराठी भाषांतरासाठी वर्षानुवर्षे मेहनत घेतली, आणि १८२६ च्या मार्चमध्ये नाशिककडे गेला असता तेथे पटकी पाहून जवळची औषधे रोग्यांना वाटून टाकली. परतीच्या वाटेवर त्याच रोगाने त्याला गाठले आणि एका देवळाच्या ओसरीवर त्याने प्राण सोडला. वय एक्केचाळीस.

त्याच्या उपदेशाने किती माणसे ख्रिस्ती झाली, याचा हिशेब मांडू गेले तर तो फारच तोकडा भरतो. मात्र मिशनने मुंबईत छापखाना घातला आणि १८१७ पासून त्यातून मराठी मजकूर निघू लागला. त्या छपाईचे काम पाहून गणपत कृष्णाजी नावाच्या भंडारी गृहस्थाने आपला छापखाना उभारला, आणि सोवळ्याच्या लोकांनी नाक मुरडू नये म्हणून शाईत चरबीऐवजी तूप घालून १८३१ साली छापील मराठी पंचांग बाजारात आणले.