लाटा मोजणारी काठी

शिरड शहापूरसारख्या गावाच्या शिवारात मोजणी लागली की आता साखळी ओढली जात नाही. भूकरमापकाच्या हातात माणसाएवढी काठी असते. तिच्या माथ्यावर वाटोळा डबा आणि मध्ये छोटा पडदा. धुऱ्याच्या कोपऱ्यावर काठी टेकवायची, बुडबुडा मधोमध आणायचा, की काही सेकंदांत त्या जागेचे अक्षांश-रेखांश दोनेक सेंटिमीटरच्या अचूकतेनं नोंदले जातात. हे यंत्र म्हणजे रोव्हर. खिशातला मोबाइलही त्याच उपग्रहांवरून जागा शोधतो, पण तीन-चार मीटर सहज चुकतो. धुऱ्याच्या भांडणात तीन मीटर म्हणजे हळदीचे दोन गादीवाफे.

जीपीएसचे उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवर आहेत. जमिनीवर पोचेपर्यंत त्यांचा संदेश इतका क्षीण होतो की यंत्राच्या स्वतःच्या खरखरीखाली तो बुडून जातो. प्रत्येक उपग्रहाचा ठरलेला संकेत यंत्राला आधीच ठाऊक असतो. तो मागेपुढे सरकवत, खरखरीशी ताडून पाहत यंत्र आपला उपग्रह वेचून काढतं. साधा मोबाइल बहुधा इथंच थांबतो. रोव्हर पुढं जाऊन संकेत वाहून आणणारी लाटच मोजतो. ती जेमतेम 19 सेंटिमीटर लांबीची. शेवटच्या लाटेचा कितवा भाग हाती आला हे मिलिमीटरच्या हिशेबात कळतं, मात्र मधल्या पूर्ण लाटा किती झाल्या हे कळत नाही. तो पूर्णांक पकडणं हीच या यंत्राची खरी विद्या. डेल्फ्टच्या पीटर ट्यूनिसेन यांनी 1990च्या दशकात मांडलेली ‘लॅम्डा’ पद्धत त्यासाठी जगभर वापरली जाते. पडद्यावर ‘फिक्स’ आलं म्हणजे पूर्णांक सापडला. ‘फ्लोट’ दिसत असेल तर खुंटी ठोकू नये.

रोव्हर हे एकट्यानं करत नाही. भारतीय सर्वेक्षण विभागानं राज्यात 77 ठिकाणी ‘कॉर्स’ केंद्रं उभारली आहेत. त्यांची जागा पक्की माहीत असल्यामुळं तिथं दिसणारी चूक ही आकाशातली चूक, आणि ती मोबाइलच्या जाळ्यावरून रोव्हरला तत्काळ कळवली जाते. यातली मोठी चूक आयनांबराची. तिथले विद्युतभारित कण संदेशाला उशीर लावतात. हा उशीर वारंवारतेप्रमाणं बदलतो, म्हणून दोन वारंवारता एकदम ऐकल्या की त्याचा बराचसा हिशेब लागतो. मराठवाडा उष्ण कटिबंधात असल्यानं मार्च आणि सप्टेंबरच्या सुमारास, सूर्य जास्त सक्रिय असलेल्या वर्षांत, संध्याकाळनंतर हे आवरण खळबळतं आणि लाटांची मोजदाद तुटते.

तरीही धुऱ्याचा वाद काठी मिटवत नाही. काठी जागा सांगते, हद्द सांगतं ते जुनं टिपण. ते पिढ्यांपूर्वी साखळीनं मोजून लिहिलेलं, त्यातल्या कित्येक खुणा नांगराखाली गेलेल्या. टिपण आणि जमीन यांचा मेळ घालायला अनुभवी भूकरमापकच लागतो. रोव्हर आला म्हणून त्याची गरज कमी झाली असं मानणं मला धोक्याचं वाटतं.

शिरड शहापूर ज्या औंढा नागनाथ तालुक्यात आहे, तिथंच दुधाळ्याला लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा व्हायची आहे. एप्रिल 2023मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं तिला मंजुरी दिली. तिच्या दोन भुजा प्रत्येकी 4 किलोमीटर लांब असतील. एवढ्या अंतरात पृथ्वीची वक्रता सव्वा मीटरपर्यंत भरते, म्हणून नुसती पाणसळ धरून चाललं तर भुजेची नळी पृथ्वीबरोबर वाकेल आणि तिच्यातला लेसर मात्र सरळच जाणार. अमेरिकेतल्या दोन्ही लायगो वेधशाळांच्या नळ्या सरळ रेषेत बसवताना दोन वारंवारतांची जीपीएस मोजणीच वापरली होती. रेषेपासूनचा फरक काही मिलिमीटरांत राखला गेला.

लायगोची घड्याळंही जीपीएसच्या वेळेला बांधलेली असतात. 14 सप्टेंबर 2015ची पहिली लहर दोन वेधशाळांत सुमारे 7 मिलिसेकंदांच्या फरकानं पोचली, आणि त्या फरकावरूनच ती आकाशाच्या कोणत्या पट्ट्यातून आली याचा अंदाज बांधला गेला. दुधाळ्याचं केंद्र अमेरिकेपासून फार दूर असल्यानं तो पट्टा पुष्कळ आक्रसेल.