वॉकीटॉकीला बाहेरचं एरियल जोडताना

चिमूरहून ताडोब्याच्या बाजूला निघालं, की कोलाऱ्याच्या पुढे साग आणि बांबू दाटत जातो आणि पुष्कळ ठिकाणी खिशातला मोबाइल मुका होतो. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचं क्षेत्र, गाभा आणि बफर मिळून, सुमारे १७२७ चौरस किलोमीटर आहे. एवढ्या रानात वनरक्षकाच्या हाताशी उरतो तो बिनतारी संच, म्हणजे आपला वॉकीटॉकी. मोहफुलं वेचायला पहाटे गेलेली बाई परतली नाही, किंवा मे महिन्यात एखाद्या कंपार्टमेंटमध्ये वणवा दिसला, तर ती बातमी या संचावरूनच पुढे जायची असते. आणि नेमक्या अशाच वेळी पलीकडून नुसती खरखर ऐकू येते!

अशा वेळी कुणालाही वाटतं, संच कमी शक्तीचा आहे, मोठा आणावा. बहुधा ते निदान चुकीचं असतं. हे संच ज्या लहरींवर बोलतात त्या साधारणपणे दोन मीटर लांबीच्या असतात आणि बऱ्याच अंशी नजरेच्या रेषेतच जातात. आता असं पाहा. माणसाच्या हातात, जमिनीपासून दीड मीटरवर धरलेल्या एरियलचं क्षितिज सुमारे ५ किलोमीटरवर असतं. तेच एरियल ९ मीटर उंच खांबावर नेलं, तर क्षितिज सुमारे १२ किलोमीटरवर जातं. हे आकडे सपाट, मोकळ्या जमिनीचे आहेत. दाट झाडी, त्यातून ओली पानं, लहरी शोषून घेतात, म्हणून रानात अंतर पुष्कळ कमी भरतं. पण उंचीचा फायदा तिथे अधिकच जाणवतो, कारण एरियल झाडांच्या डोक्यांजवळ पोचतं.

संचावरचं वीतभर रबरी एरियल ही मुळात एक तडजोड आहे. दोन मीटर लहरीसाठी पाव लहरीचा, म्हणजे जवळजवळ अर्ध्या मीटरचा दांडा हवा. तो हातात सांभाळणं अवघड, म्हणून तारेचं वेटोळं करून रबरात कोंबलेलं असतं. चौकीच्या खांबावर उभा दांडा आणि त्याच्या तळाशी खाली कललेल्या चार काड्या एवढं साधं एरियल लावलं, तरी ते रबरी एरियलपेक्षा पुष्कळ सरस ठरतं.

मग खांबावरून संचापर्यंत केबल आणायची. इथे मात्र जपायला हवं, कारण केबल फुकट काम करत नाही. बोटापेक्षा बारीक अशी जी आरजी-५८ केबल बाजारात सहज मिळते, तिच्या १५ मीटर लांबीत या लहरींची जवळजवळ निम्मी शक्ती मुरते. संचाने ५ वॅट दिले, तर वर अडीचच पोचतात. ऐकतानाही तोच तोटा, कारण वरून येणारा क्षीण आवाज त्याच वाटेने खाली येतो. जाड आरजी-२१३ केबल तेवढ्याच अंतरात पाव हिश्शाच्या आसपासच खाते. म्हणून केबल जाड घ्यावी आणि लागेल तेवढीच ठेवावी. उरलेली दहा मीटर कोपऱ्यात गुंडाळून ठेवली, तर तिचाही कर भरावा लागतो.

‘घरात टीव्हीची जुनी केबल पडली आहे, ती चालेल का?’ असा प्रश्न हमखास येतो. टीव्हीची केबल ७५ ओहमची, आपला संच ५० ओहमचा. काम अगदीच अडणार नाही, पण काही शक्ती उलटून संचाकडे येते आणि जोडही नीट बसत नाहीत. ५० ओहमचीच केबल घेतलेली बरी.

आता जोडणी. जुन्या संचांवर पाव वळसा देऊन अडकणारा बीएनसी जोड असे. आजच्या बहुतेक संचांवर आट्यांचा लहानसा एसएमए जोड असतो. काहींच्या मध्यभागी खिळा असतो, काहींच्या भोक. आपल्या संचावर काय आहे ते पाहूनच जोड विकत घ्यावा आणि तो बोटांनीच आवळावा, पकड लावू नये. जाड केबल थेट संचाला कधीही जोडू नका. तिच्या ओढीने तो नाजूक जोड आतून सुटतो. जाड केबल भिंतीला पक्की करावी आणि तिथून संचापर्यंत हातभर बारीक, लवचिक तुकडा घ्यावा. गस्तीवर निघताना तो तुकडा काढून रबरी एरियल परत बसवायचं. दोन्हींपैकी एकही नसताना बोलण्याचं बटण दाबू नये. शक्तीला बाहेर जायला वाट नसली, की संचाचं नुकसान होऊ शकतं.

पावसाळ्यात केबलमध्ये पाणी शिरलं, तर आतली तांब्याची जाळी काळी पडते आणि वर्षभरात चांगली केबल निकामी होते. वरचा जोड रबरी टेपने घट्ट गुंडाळा. केबल घरात शिरण्याआधी तिला खाली एक झोल द्या, म्हणजे पाणी तिथूनच गळून जाईल.

सर्वांत महत्त्वाचं विजेचं. खांब असा उभारावा, की पडला तरी विजेच्या तारांवर पडणार नाही. तो जाड तांब्याच्या पट्टीने जमिनीत अर्थ करावा. तरीही गडगडाट ऐकू येण्याआधी, आभाळ भरून आलं की लगेच, केबल संचापासून सोडवून खिडकीबाहेर ठेवावी. वादळ डोक्यावर आल्यावर तिला हात लावू नये. तोवर रबरी एरियलवर भागेल तेवढं भागवावं.

एक गोष्ट कायद्याची. वनखात्याला किंवा पोलिसांना लहरी नेमून दिलेल्या असतात. उंच एरियल लागलं म्हणून त्यांवर कुणीही बोलू लागलं, तर खऱ्या संकटातली हाक त्या गलबल्यात बुडेल.

सगळं जोडून झालं, की लांबच्या चौकीला रोज ठरल्या वेळी हाक देऊन पाहावी. आवाज दिवसेंदिवस क्षीण होऊ लागला, तर आधी जोड तपासावेत आणि मग संचाकडे वळावं. वणवा लागल्यावर हे तपासायला सवड नसते.