आत्याची गाठ आणि पेटीतला शालू

गेल्या वर्षीची गोष्ट. धुळ्याहून आत्याचा फोन आला, "मी आता केमोला जाणार नाही. बस झालं." स्तनाच्या कॅन्सरसाठी तिच्या दोन केमो झाल्या होत्या. मी जळगावहून सकाळची एसटी धरली. एरंडोल गेलं, पारोळा गेलं, डोक्यात एकच विचार, हिला झालं तरी काय?

घरी पोचल्यावर उलगडा झाला. कोणीतरी तिला बातमी वाचून दाखवली होती : पुरुषाच्या शुक्राणूतलं प्रथिन बायकांच्या कॅन्सरच्या गाठीत सापडतं. झालं! गल्लीत कुजबुज सुरू. आत्या तोंडाला पदर लावून म्हणाली, "मना काय गुन्हा शे, माय?"

बातमी खोटी नव्हती, अर्थ चुकीचा लावला होता. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २००२ साली शुक्राणूच्या शेपटीतलं एक प्रथिन शोधलं. ते कॅल्शियम धरून ठेवतं. पुढे तेच फुप्फुसाच्या कॅन्सरच्या गाठींतही दिसलं. दिल्लीच्या राष्ट्रीय प्रतिरक्षा संस्थेत डॉ. अनिल सुरी यांच्या गटाने शुक्राणूतल्याच 'स्पॅग-९' या दुसऱ्या प्रथिनावर काम केलं. ते स्तनाच्या गाठींत आढळलं.

मग ते नवऱ्याकडून आलं का? मुळीच नाही! मी आत्याला म्हटलं, "तुझ्या पेटीत लग्नाचा शालू आहे ना? रोज नेसतेस का?" या प्रथिनांचा नमुना आपल्या प्रत्येक पेशीत जन्मापासून असतो, बाईच्याही. तो आई आणि वडील दोघांकडून मिळतो. एरवी तो पेटीत बंद. कॅन्सरची पेशी ताळतंत्र सोडते, सगळी पेटी उपसते आणि नको तेव्हा शालू बाहेर काढते. प्रथिन गाठीनेच तयार केलेलं असतं. यात ना संसर्ग, ना कुणाचं पाप.

उलट शास्त्रज्ञांना यात आशा दिसते. नको तिथे दिसणाऱ्या या खुणेवरून गाठ लवकर ओळखता येईल का, शरीराच्या संरक्षक पेशींना तिच्यावर सोडता येईल का, याचा शोध चालू आहे. पण ते अजून संशोधन आहे. त्याची वाट बघत हातातले उपचार सोडायचे नाहीत.

आणि हाताने तपासण्यालाही कमी लेखू नका. मुंबईत टाटा मेमोरियलने १९९८पासून दीड लाखावर बायकांचा वीस वर्षं अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी स्तन तपासले. पन्नाशीपुढच्या बायकांत या कॅन्सरचे मृत्यू सुमारे तीस टक्क्यांनी कमी झाले. २०२१ साली हे प्रसिद्ध झालं. यंत्र नाही, फक्त शिकलेला हात!

तिसऱ्या केमोला मी आत्यासोबत गेले. निघताना शेजारीण दारात उभी होती. आत्याच तिला म्हणाली, "तू पण तपासून घे बरं!"

गाठ लागली तर लाजू नका. आणि दुसरीच्या गाठीचा अर्थ लावायला तर मुळीच जाऊ नका.