जितके वर्ग, तितका फायदा?

वेब डिरेक्टरीत आपली साइट जितक्या जास्त वर्गांत, तितकं गिऱ्हाईक जास्त, असं अनेक साइटमालक धरून चालतात. माणसांनी एकेक साइट उघडून, वाचून लावलेल्या डिरेक्टरीत हा हिशेब लागू पडत नाही. अशा डिरेक्टऱ्यांत सर्वांत नावाजलेली डीमॉझ, म्हणजेच ओपन डिरेक्टरी प्रोजेक्ट. ती १९९८ साली सुरू झाली, मार्च २०१७मध्ये बंद पडली, आणि तिच्याच संपादकांनी 'कर्ली' या नावाने काम पुढे चालू ठेवलं. तिथला दंडक साधा आहे: साइट सुचवणाऱ्याने एकच, सर्वांत नेमका वर्ग निवडायचा. आणखी कुठे नोंद करायची का, हे संपादक ठरवतो.

म्हणून एका साइटची एकच नोंद होते असंही नाही. समजा, येवल्यातलं एक विणकर कुटुंब स्वतःच्या साइटवरून पैठण्या विकतं. व्यवसाय येवल्याचा, म्हणून प्रादेशिक विभागात महाराष्ट्राखाली तिची जागा आहे. ऑनलाइन मागणी घेऊन लांबवर माल पाठवत असतील, तर खरेदी विभागातही तिचा विचार होऊ शकतो. साइटवर पुरेसा मराठी मजकूर असेल, तर मराठी विभागात मराठीतून वेगळी नोंद मिळू शकते. या तिन्ही ठिकाणी शोधणारा माणूस वेगळा आहे, आणि माझ्या मते खरी कसोटी तीच. पैठणी लग्नात नेसतात म्हणून 'विवाह', भेट देतात म्हणून 'भेटवस्तू', येवल्याला लोक येतात म्हणून 'पर्यटन' अशी मागणी केली, तर त्या वर्गात आलेल्या वाचकाचा वेळ फुकट जातो. संपादक ती नाकारतो ते योग्यच.

काहीजण मग तीच साइट पुन्हापुन्हा सुचवतात किंवा तोच मजकूर दुसऱ्या पत्त्यावर टाकून नवी साइट म्हणून पाठवतात. याने नंबर लवकर लागत नाही. उलट साइट वगळली जाऊ शकते, असलेली नोंदही जाऊ शकते.

वर्गाच्या नावाशेजारी ॲटचं चिन्ह दिसलं की तिथे दुसरी नोंद आहे असं वाटतं. तो फक्त दुवा असतो: उपवर्ग मुळात दुसरीकडे असतो, इथून तिथे जाता येतं. त्यामुळे एकाच नोंदीपर्यंत अनेक वाटांनी पोचता येतं.

जास्तीत जास्त नोंदी मिळवण्याची ही धडपड वाढली ती गुगलमुळे. २०००पासून गुगलची स्वतःची डिरेक्टरी डीमॉझच्याच नोंदींवर चालायची. ती २०११मध्ये बंद झाली. नोंदीसाठी पैसे मोजावे लागतात हा समज याहूच्या डिरेक्टरीकडून आला असावा. याहू व्यावसायिक साइटकडून वर्षाला २९९ डॉलर घेई, तेही तपासणीचे. नोंदीची हमी नसे. डीमॉझमध्ये नोंद फुकट होती.

साइट सुचवण्यापूर्वी आपल्यासारख्या साइट कुठल्या वर्गात आहेत ते पाहावं, आणि वर्णनात काय विकतो, कुठे विकतो एवढंच लिहावं. 'सर्वोत्तम', 'क्रमांक एक' असले शब्द संपादक खोडतोच.