चेंडूला सामोरे जाण्याची तालीम

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील विल्यम्सपोर्ट या गावी कार्ल स्टॉट्झ नावाच्या गृहस्थांनी १९३९ साली शेजारपाजारच्या मुलांसाठी बेसबॉलचे जे सामने सुरू केले, तेच पुढे ‘लिटल लीग’ या नावाने देशोदेशी पसरले. प्रौढांच्या मैदानावर एका बेसपासून दुसऱ्या बेसपर्यंत ९० फुटांचे अंतर असते. मुलांसाठी ते ६० फुटांवर आणण्याची तजवीज आजही कायम आहे. मैदान असे लहान झाले, परंतु चेंडूचे वजन मात्र प्रौढांच्या चेंडूइतकेच, म्हणजे ५ ते ५¼ औंस, राहिले. आत बूच आणि रबर, त्यावर लोकरीच्या धाग्याची घट्ट गुंडाळी आणि सर्वांत वर शिवलेले कातडे, असा हा चेंडू वेगाने अंगावर येताना पाहून सातआठ वर्षांचे मूल मान फिरवते, डोळे मिटते आणि दोन्ही हात ताठ पुढे करते.

या कृतीला भित्रेपणा म्हणणे अन्यायाचे आहे, कारण तो शरीराने आपल्या रक्षणासाठी उपजत बुद्धीने केलेला बंदोबस्त असतो. मात्र तोच बंदोबस्त मुलाच्या अंगलट येतो. मान वळताच चेंडूचा माग सुटतो, हात कोठे न्यावा याची वर्दी डोळ्यांकडून मिळेनाशी होते, आणि जो आघात टाळायचा तो गालावर किंवा कानशिलावर बसतो. ‘घाबरू नकोस’ असे मैदानाच्या कडेवरून ओरडणाऱ्या वडिलांचा हेतू कितीही चांगला असला, तरी भीती हुकुमाने जात नाही. हातांत चेंडू वारंवार सुखरूप विसावल्याचा अनुभव गाठी जमला, म्हणजेच ती ओसरते. आणि हा अनुभव मुलाला कोणत्या क्रमाने द्यावा, यातच झेल शिकवण्याची सारी विद्या आहे, असे माझे ठाम मत आहे.

म्हणून आरंभी कातडी चेंडू आणि हातमोजा हे दोन्ही बाजूला ठेवावेत. मऊ चेंडू घ्यावा, शिकवणाऱ्याने तीनचार पावलांवर गुडघा टेकून बसावे आणि खालून, अलगद फेक करावी. जपानमध्ये रबरी चेंडूचा बेसबॉल शंभर वर्षांपासून रुजला असून तेथील शाळकरी मुले त्यावरच वाढतात. म्हणून मऊ चेंडूने शिकणे म्हणजे लुटुपुटीचे शिकणे, हा काही पालकांचा समज निराधार आहे. चेंडूवर ठळक आकडे लिहून तो झेलता झेलता कोणता आकडा दिसला हे मुलाने सांगावे, असा एक साधा परिपाठ आहे. आकडा वाचण्याच्या नादात डोळे आपोआप उघडे राहतात आणि चेंडू हातांत शिरेपर्यंत दृष्टी त्याच्यावर खिळून राहते.

हातांचा नियम सोपा आहे. चेंडू कमरेच्या वर येत असेल तर बोटे आकाशाकडे आणि अंगठे एकमेकांजवळ. कमरेखाली येत असेल तर बोटे जमिनीकडे आणि करंगळ्या जुळलेल्या. कोपरे किंचित वाकलेली असावीत, हात शरीरापुढे असावेत, आणि स्पर्शाच्या क्षणी ते छातीकडे थोडे मागे यावेत, म्हणजे चेंडूचा वेग जिरतो. कच्चे अंडे फेकून झेलण्याचा खेळ ही गोष्ट दहा व्याख्यानांपेक्षा लवकर शिकवतो. न्यू जर्सीसारख्या ठिकाणी स्थायिक झालेल्या ज्या मराठी बापाचे बालपण क्रिकेटमध्ये गेले, त्याला हात मागे घेण्याची ही रीत समजावून सांगावी लागत नाही; मात्र छातीच्या उंचीवरचा चेंडूही करंगळ्या जुळवून ओंजळीत घेण्याची जुनी सवय त्याने मुलाच्या हाती देऊ नये, कारण हातमोजा तसा धरला तर चेंडू त्याच्या कडेला लागून थेट तोंडाकडे उसळतो.

हातमोजा यानंतर यावा. १९२० च्या सुमारास सेंट लुईसचा पिचर बिल डोक याच्या कल्पनेवरून अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये कातड्याची जाळी विणलेला हातमोजा प्रचारात आला, आणि केवळ तळहाताचे रक्षण करणारी ती वस्तू चेंडू पकडून ठेवणारे साधन बनली. चेंडू घ्यायचा तो या जाळीच्या मुळाशी, तळहाताच्या मध्यावर नव्हे. उजव्या हाताने फेकणाऱ्याने मोजा डाव्या हातात घालावा. उजवा हात मोज्याच्या शेजारी असावा, पुढे कधीच नसावा, नाहीतर बोटे दुखावतात. चेंडू आत शिरताच त्याने वरून मोजा मिटावा आणि चेंडू उचलून फेकीस सिद्ध व्हावे. मूल पुढे मोठे होईल या हिशेबाने घेतलेला अवजड, न मिटणारा मोजा हा माझ्या दृष्टीने मोठाच अपराध आहे, कारण ज्याला तो मिटता येत नाही ते मूल त्याचा ढालीसारखा उपयोग करू लागते आणि चेंडू झेलण्याऐवजी अडवू लागते.

उंच उडालेल्या चेंडूचा पाठ सर्वांत शेवटी. १९५४ च्या वर्ल्ड सीरिजमध्ये विली मेझने फलंदाजाकडे पाठ करून धावत खांद्यावरून घेतलेला झेल मुलांना अवश्य दाखवावा, पण त्याचे अनुकरण मागू नये. त्यांना पहिले पाऊल मागे टाकण्यास शिकवावे, कारण मागून पुढे धावत येणे सोपे आणि पुढून मागे हटणे कठीण. चेंडू कोठे पडेल याचे गणित कोणीच मांडत नाही. सेव्हिल चॅपमन या भौतिकशास्त्रज्ञाने १९६८ साली दाखवून दिले की, चेंडू सरळ आपल्या दिशेने येत असता खेळाडू योग्य जागी असेल तर तो चेंडू नजरेला एका ठरावीक चालीने वर चढत राहिलेला दिसतो. ही चाल वाढली तर मागे जावे, मंदावली तर पुढे यावे. मुलांना हे सूत्र सांगण्याचे प्रयोजन नाही, भरपूर उंच चेंडू मिळाले की त्यांचे पाय ते शिकतात. सांगायचे ते इतकेच, की दोघे एकाच चेंडूकडे धावत असतील तर ज्याला तो झेपेल त्याने ‘माझा!’ असे मोठ्याने ओरडावे, आणि ती हाक कानी पडताच दुसऱ्याने बाजूला होऊन त्याच्या पाठीमागे उभे राहावे, म्हणजे झेल सुटला तरी चेंडू दूर जात नाही.